तांबड्याच्या शिवेपलीकडे

भाकरी टाकण्यापूर्वी घरातली बाई क्षणभर तव्यासमोर तळहात धरते आणि तवा तापला की नाही याचा निवाडा त्या तळहातावर सोपवते. लोखंड त्या वेळी काळेच असते. चुलीवर चढवले तेव्हा ते जसे दिसत होते तसेच अजूनही दिसत असते. आणि तरीही डोळ्यांना ज्याचा पत्ता नाही असे काहीतरी त्या काळ्या पत्र्यातून निघून हाताच्या कातडीपर्यंत येऊन पोचलेले असते. कोणी शंका काढील की ही तर नुसती गरम हवा. त्याने तवा उतरवून भिंतीशी उभा करावा आणि हात त्याच्या वर न धरता समोर, वीतभर अंतरावर धरून पाहावा; तापलेली हवा वर चढते, आडवी चालत येत नाही, आणि आडव्या धरलेल्या हाताला ऊब लागल्यावाचून तर राहत नाही. ही ऊब ज्या किरणांनी आणली त्यांचीच हकिकत पुढील प्रकरणांत सांगितली आहे. हैदराबादेहून उडणाऱ्या फुग्याखाली टांगलेली दुर्बीण, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवर सूर्याकडे पाठ करून राहिलेला सोन्याचा आरसा, आणि लढाऊ विमानाच्या नाकावर वैमानिकाच्या काचेसमोर बसवलेला लहानसा गोळा, ही तिन्ही त्या तळहाताचीच विस्तारलेली रूपे आहेत, असे माझे म्हणणे आहे. आणि त्या तिघांनाही एकाच अडचणीशी झुंजावे लागते, ती अडचण कोणती हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘अवरक्त’ हा शब्द आपल्या शास्त्रीय परिभाषेने संस्कृतातून घडवला. ‘अव’ म्हणजे खालचा, ‘रक्त’ म्हणजे तांबडा. इंद्रधनुष्याच्या पट्ट्यांत तांबड्याची कंपनसंख्या सर्वांत कमी, आणि त्याहूनही ज्याची कंपनसंख्या खाली ते हे प्रारण. शब्द नेमका आहे, यात वाद नाही. परंतु ‘रक्त’ या पदाचा रंगवाचक अर्थ मराठी माणसाच्या बोलण्यातून केव्हाच निघून गेल्यामुळे तो ऐकणाऱ्याला भलतीकडे नेतो. मी शाळेत तो पहिल्यांदा फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने, हा विकार अंगावर उठतो की पोटात होतो, असे गंभीरपणे विचारले होते, आणि त्याचे फारसे चुकले होते असे मला आजही वाटत नाही. बाजारात ‘इन्फ्रारेड’ हाच शब्द चालतो. तरीही या पुस्तिकेत मी ‘अवरक्त’ ठेवला आहे, कारण त्यात एका हद्दीची खूण आहे, आणि हद्द म्हणजे काय हे आमच्या गावाला समजावून सांगावे लागत नाही.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले आमचे कडा हे गाव नगरकडून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि नावाप्रमाणेच ते दीर्घकाळ एका मुलखाच्या कडेला होते. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली, तोवर हा सारा भाग मोगलाईत मोडे. पश्चिमेला काही कोसांवर नगर जिल्हा, तो इंग्रजी अंमलातला. मध्ये करोडगिरीचे नाके, जकात, झडती. अलीकडे हाली सिक्का आणि उर्दू दफ्तर, पलीकडे कलदार रुपया आणि मोडी-बाळबोध. माझ्या लहानपणीची म्हातारी माणसे सांगत की नाका ओलांडताना जमीन बदलत नसे, ज्वारी बदलत नसे, वाराही बदलत नसे. बदलत असे ती फक्त कारकुनाची टोपी. प्रकाशाचे नेमके हेच आहे. तांबड्या रंगापाशी जो नाका आहे तो निसर्गाने बांधलेला नाही, तो आपल्या डोळ्यांनी बांधलेला आहे. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक तो मायक्रॉन. या मापाने सुमारे ०.४ पासून ०.७ मायक्रॉनपर्यंतच्या लहरी डोळा आपल्या दफ्तरी नोंदवतो, आणि त्यापुढचा शेकडो मायक्रॉनपर्यंत पसरलेला मुलूख त्याच्या हिशेबी नसल्यासारखाच असतो.

त्या नाक्यापलीकडे पहिले पाऊल पडले ते १८०० साली, आणि ते टाकणारा माणूस मुळात वाजंत्री होता. विल्यम हर्शेल हॅनोव्हरहून इंग्लंडात आला, वादनावर आणि शिकवण्यांवर पोट भरू लागला, रात्री आरसे घासून दुर्बिणी करू लागला, आणि १७८१ साली युरेनस सापडल्यावर मोठ्या मान्यतेस पोचला. सूर्याचे निरीक्षण करण्यासाठी तो रंगीत काचा लावून पाही, तेव्हा काही काचांतून उजेड थोडा आणि चटका फार, तर काहींतून उजेड भरपूर आणि चटका नाही, असे त्याच्या ध्यानात आले. त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा मेजावर पाडला, गोळे काळे केलेले तापमापक एकेका रंगात ठेवले, आणि रुजवातीसाठी काही पट्ट्याबाहेर ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे मेजावर नुसता अंधार होता, तिथला पारा सर्वांत वर चढला. येथे एक खुलासा करणे प्राप्त आहे, कारण पाठ्यपुस्तके तो करीत नाहीत: सूर्याच्या ऊर्जेचे शिखर खरोखर तांबड्यापलीकडे नाही, ते दृश्य प्रकाशातच आहे, लोलक तांबड्याकडचे किरण दाटीवाटीने एकत्र आणतो आणि जांभळ्याकडचे ऐसपैस पसरतो, म्हणून त्या अंधाऱ्या जागी ऊब जास्त जमली. हर्शेलच्या उपकरणाने त्याला फसवले, पण फसवून खऱ्या दाराशी नेऊन सोडले. शास्त्राच्या इतिहासात असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे.

पुढे शंभर वर्षांत एवढे निश्चित झाले की ज्याला म्हणून काही तापमान आहे ते सारे काही ना काही प्रारण सोडतच असते, आणि वस्तू जितकी गार तितकी तिची लहर लांब. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार सेल्सिअसच्या घरातला, म्हणून त्याचे शिखर अर्ध्या मायक्रॉनवर. दोनशे अंशांना तापलेल्या तव्याचे सहा मायक्रॉनच्या आसपास. माणसाच्या कातडीचे साडेनऊवर. आणि ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत जे धुळीचे ढग शून्याखाली अडीचशे अंशांच्या थंडीत पडून आहेत त्यांचे शंभर-सव्वाशे मायक्रॉनवर. म्हणजे अंधार म्हणून काही नाहीच. आहे तो आपल्या डोळ्यांचा संकोच. पौष-माघात शाळूच्या राखणीला जो शेतकरी माचावर रात्र काढतो त्याला हे वेगळ्या वाटेने ठाऊक असते. आभाळ निरभ्र असले की थंडी अंगात शिरते आणि पहाटे पानांवर दव साचते. ढग आले की घोंगडी बाजूला सारावी लागते. जमीन आपली दिवसभराची ऊब अवरक्तातून वर फेकीत असते. आठ ते तेरा मायक्रॉनच्या दरम्यान हवेला एक खिडकी आहे, तिच्यातून ती ऊब थेट अवकाशात निघून जाते. ढग ती खिडकी झाकतो आणि घेतलेल्यातले बरेचसे खाली परत देतो.

आता ती अडचण. डोळ्याने आपण तारा पाहतो तेव्हा डोळा स्वतः उजळत नसतो. परंतु अवरक्ताने पाहू म्हणणाऱ्याचे सारेच पाहण्याचे साधन उजळत असते. दुर्बिणीचा आरसा, तिची नळी, तिच्यावरची हवा, आरशाशेजारी उभा असलेला खगोलज्ञ, हे सगळे दहा मायक्रॉनवर लखलखत असतात. आणि दूरच्या धुळीच्या ढगाची क्षीण ऊब त्या लखलखाटात ओळखायची म्हणजे भर दुपारी, हाती पेटती मशाल धरून, काजवा शोधण्यासारखे आहे. उपाय दोनच. पाहणाऱ्याने स्वतःला शक्य तितके थंड करावे, आणि जे थंड होणार नाही त्याचा धडा करावा. तूप मोजताना वाणी आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो, मग तूप ओततो. तसे दुर्बिणीने एकदा ताऱ्याकडे आणि एकदा शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, सेकंदाला अनेक वेळा पाहावे आणि दोहोंतली वजाबाकी तेवढी पदरात घ्यावी.

या दोन्ही उपायांची सर्वांत सुरस कथा आमच्या जुन्या राजधानीत घडली, आणि ती सांगताना मला थोडा अभिमान वाटतो हे लपवण्याचे कारण नाही. हैदराबादला आकाशाचे वेड जुने. तिथली निजामिया वेधशाळा १९०८ साली सरकारजमा झाली आणि साऱ्या जगाने वाटून घेतलेल्या ताराचित्रांच्या सूचीतला आपला हिस्सा तिने पुरा केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभांच्या काळात विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी फुगे सोडण्यास आरंभ केला, आणि पुढे त्या कामाचे ठाणे हैदराबादेस कायम झाले. दूर-अवरक्त किरण जमिनीपर्यंत येतच नाहीत, हवेतली पाण्याची वाफ त्यांना वाटेतच गिळते. म्हणून दुर्बीणच वाफेच्या वर न्यायची, हा फुग्यांचा हेतू. पॉलिथिनच्या अतिशय पातळ कागदाचा, हायड्रोजन भरलेला, वर जाऊन फुलला की एखाद्या मोठ्या देवळाला शिखरासकट पोटात घेईल एवढा तो फुगा तीस किलोमीटरच्या वर चढतो. वाटेत सोळा-सतरा किलोमीटरांवर जी थंडी लागते ती उष्ण कटिबंधात शून्याखाली ऐंशी अंशांच्याही पलीकडे जाते, युरोप-अमेरिकेच्या आकाशापेक्षा अधिक. परदेशी कागद त्या थंडीत काचेसारखा तडकतो. तेव्हा ती सोसणारा कागद आणि त्याचे फुगे येथेच तयार करावे लागले. ज्या मुलखात उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात बसवत नाही त्याच्याच डोक्यावर ही थंडी असावी, हे आमच्या मुलांना सांगूनही खरे वाटत नाही.

फुग्याखाली जी दुर्बीण असे तिचा आरसा एक मीटर व्यासाचा. तिच्या पोटातले संवेदक द्रवरूप हेलियमने, आणि तेही हेलियमच्या दुर्मिळ अशा तीन वस्तुमानाच्या समस्थानिकाने, निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे थंडीच्या शेवटच्या पायरीच्या, वर अवघा ०.३ अंश इतके थंड केलेले. म्हणजे विश्वात आपोआप असलेल्या बहुतेक कोणत्याही वस्तूहून गार. आणि आरसा थंड करणे शक्य नाही म्हणून समोरचा लहान आरसा एकसारखा डुलत राहून त्याचा धडा करीत असे. १९८३ साली अमेरिका, नेदरलंड्स आणि ब्रिटन यांच्या आयआरएएस उपग्रहाने हेलियमचा साठा पुरला त्या दहा महिन्यांत अडीच लाखांवर अवरक्त उगमांची नोंद केली, पण शंभर मायक्रॉनच्या पुढे तो गेला नाही. आमच्या फुग्यांची दुर्बीण त्यापुढचा, दोनशे मायक्रॉनपर्यंतचा, मुलूख धुंडाळीत होती. पुढे जपानी शास्त्रज्ञांचे वर्णपटमापक तिला जोडले गेले, आणि आयनीभूत कार्बन १५८ मायक्रॉनवर जी एक रेषा सोडतो तिचे नकाशे मृगातल्या तेजोमेघासारख्या ताऱ्यांच्या सूतिकागृहांवरून काढण्यात आले. स्वर्णकांती घोष, देवेंद्र ओझा आदींनी या कामाला हयातीची वर्षे दिली. कार्बनची ती रेषा म्हणजे ढगाला घाम येण्यासारखे आहे: तिच्यावाटे वायू आपली ऊब टाकतो, गार होतो, आकसतो, आणि त्यातून तारा जन्मतो.

काम आटोपले की रेडिओवरून हुकूम जातो, दुर्बीण फुग्यापासून सुटते आणि रंगीत छत्रीखाली तरंगत कोणाच्या तरी शेतात उतरते. हैदराबाद-सोलापूर हा तिचा एक नेहमीचा रोख. कड्याच्या तो बराच दक्षिणेला राहतो, याचे मला लहानपणापासून वाईट वाटत आले आहे. उड्डाणांच्या हंगामापूर्वी संस्था वर्तमानपत्रांतून जाहीर विनंती करते: असे यंत्र आढळल्यास हात लावू नये, आत विजेचा उच्च दाब असू शकतो, जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा टपाल कचेरीस कळवावे, कळवणाऱ्यास योग्य बक्षीस आणि झालेला खर्च मिळेल, छेडछाड केलेली आढळल्यास बक्षीस नाही. तुरीच्या काढणीला आलेल्या बाईच्या समोर, मृगातल्या ताऱ्यांचा जन्म पाहून परतलेली ती दुर्बीण काकरीत आडवी पडली आहे, पोलीस पाटील लाठी रोवून राखणीस उभा आहे, आणि तलाठी मुद्देमालाच्या रकान्यात काय लिहावे या विवंचनेत आहे, हे चित्र मी कितीदा तरी मनाशी रंगवले आहे.

जमिनीवरून होणारे काम मी येथे आवरते घेतो, कारण तिसऱ्या प्रकरणात ते विस्ताराने आले आहे. जवळच्या अवरक्तातल्या काही लहरी हवेतून निभावून खाली पोचतात. त्यांच्यासाठी टाटा संस्थेने बांधलेला एक कॅमेरा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या गिरवली येथील दोन मीटर दुर्बिणीवर लावला गेला, पुढे तो नैनितालजवळच्या देवस्थळी गेला. आणि टीरस्पेक नावाचे दुसरे उपकरण २०१३ पासून लडाखात हानले येथे आहे. कोरड्या हवेसाठी माणसे एवढ्या उंचीवर जाऊन राहतात, आणि इथे कोरडी हवा फुकट असून आम्ही तिला शिव्या देतो.

२५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेली जेम्स वेब दुर्बीण म्हणजे त्या पहिल्या उपायाचा कळस. साडेसहा मीटरचा, अठरा षट्कोनी तुकड्यांचा आरसा, त्यावर सोन्याचा मुलामा; सोने अवरक्त किरण जवळजवळ पुरते परतवते, म्हणून. सारे सोने मिळून अठ्ठेचाळीस ग्रॅम, म्हणजे आपल्या मापाने चार तोळे. एखाद्या लग्नात याहून जास्त चढते. खरा खर्च सावलीचा आहे. टेनिसच्या मैदानाएवढी पाच पदरी छत्री. तिच्या सूर्याकडच्या अंगाला पंच्याऐंशी अंश तापमान, आणि दुर्बिणीच्या अंगाला शून्याखाली दोनशे तेहतीस. एवढ्यानेही भागत नाही म्हणून मिरी या उपकरणाला वेगळे शीतक देऊन निरपेक्ष शून्याच्या वर सात अंशांच्याही खाली उतरवले आहे. त्या उपकरणाच्या कामाची अमेरिकेतल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीकडची जबाबदारी ज्यांनी वाहिली त्या कल्याणी सुखात्मे मुंबईच्या. आणि या दुर्बिणीने मिळवलेल्या प्रतिमांतून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ साली एक सर्पिल दीर्घिका उजेडात आणली. विश्वाचे वय अवघे दीड अब्ज वर्षे असताना तिला दोन सुघटित बाहू फुटलेले होते, ज्यांना तोवर आकार येण्यास सवडच नव्हती असे समजले जाई. तिचा प्रकाश निघाला तेव्हा तो साधा दृश्य प्रकाश होता. वाटेत विश्व प्रसरण पावत गेले, लहर पाचपट ताणली गेली, आणि अर्ध्या मायक्रॉनचा प्रकाश अडीच मायक्रॉनचा होऊन, म्हणजे आमचा नाका ओलांडून, इथे पोचला. आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, म्हणून तिच्या या दूरच्या बहिणीचे नाव त्यांनी अलकनंदा ठेवले. नाव ठेवण्याची ही रीत मला फार आवडली.

आपल्या उपग्रहांविषयी दोन शब्द. दूरदर्शनच्या बातम्यांच्या शेवटी ढगांचे जे चित्र दाखवीत, त्यातले रात्रीचे चित्र अवरक्ताचे. ढगाचा माथा जितका उंच तितका गार, आणि गार ते पांढरे दाखवायचे असा संकेत. पर्जन्यछायेतल्या आमच्या लोकांनी ते पांढरे ठिपके सह्याद्रीपलीकडे दाटलेले आणि अलीकडे विरलेले इतकी वर्षे पाहिले आहेत की त्यांना तो शास्त्राचा विषय वाटत नाही, नशिबाचा वाटतो. चांद्रयान-१ वरील अमेरिकन उपकरणाला तीन मायक्रॉनच्या आसपास चंद्राच्या मातीत पाण्याची आणि हायड्रॉक्सिलची खूण सापडली, ती २००९ च्या सप्टेंबरात जाहीर झाली. चांद्रयान-२ च्या आपल्या स्वतःच्या वर्णपटमापकाने पाच मायक्रॉनपर्यंत जाऊन तो तपास पुढे नेला. तिथेही तोच मामला: दुपारचा चंद्र स्वतःच इतका तापतो की त्याच्या उबेचा धडा केल्याखेरीज पाण्याचे माप निघत नाही.

आता ज्या भागाविषयी लिहिताना लेखणी अडखळते तो. खगोलज्ञांना अवरक्ताचा डोळा मिळाला तो बव्हंशी सैन्याच्या तिजोरीतून. शिशाच्या सल्फाइडचा संवेदक दुसऱ्या महायुद्धात लष्करी कामासाठी वाढवला गेला. युद्ध संपल्यावर तो जेरार्ड कायपर यांच्या हाती आला, आणि १९४७ साली त्यांनी त्याच्या साहाय्याने मंगळाच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइड ओळखला. त्याच संवेदकाच्या नाकाने वास काढीत जाणारे क्षेपणास्त्र अमेरिकन आरमाराने बनवले आणि त्याला साइडवाइंडर या वाळवंटी सापाचे नाव दिले. आमच्याकडचा चापडा त्याच कुळातला. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये त्याला जी खाच असते तिने तो अंधारात उंदराची ऊब पाहतो. २४ सप्टेंबर १९५८ रोजी तैवानच्या सामुद्रधुनीवर हे क्षेपणास्त्र प्रथम लढाईत सुटले. एक न फुटता शत्रूच्या विमानात अडकून राहिले, आणि त्यावरून सोव्हिएत कारागिरांनी के-१३ घडवले, जे पुढे आपल्या मिग-२१ च्या पंखांखाली आले. ही मिग विमाने नाशिकजवळच्या ओझरला बांधली जात.

त्या पहिल्या पिढीच्या अस्त्राची दृष्टी अधू होती. त्याला थंड केलेले नव्हते. म्हणून फक्त इंजिनाच्या नळीचा लाल झालेला भाग तेवढा दिसे, वैमानिकाला शत्रूच्या पाठीमागेच जावे लागे, आणि कधी कधी ते शत्रूला सोडून सूर्याच्याच मागे लागे. इंडियम अँटिमनाइडचा संवेदक थंड करून बसवला, तेव्हा हवेच्या घर्षणाने तापलेली विमानाची कातडीही त्याला समोरून दिसू लागली. पाहणाऱ्याने आधी थंड व्हावे हा नियम येथेही सुटला नाही. फरक एवढाच की हैदराबादेत तो तारा जन्मताना पाहण्यासाठी पाळला जातो. या अस्त्राला चकवण्यासाठी विमान मॅग्नेशियमच्या जळत्या ज्योती मागे सोडते, खऱ्या इंजिनाहून तेजस्वी असे खोटे इंजिन. कारगिलच्या लढाईत, २८ मे १९९९ रोजी, द्रासच्या बाजूला टोलोलिंगच्या टेकाडांवर गेलेल्या आपल्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांपैकी ज्या एकाला अशा ज्योतींची सोय नव्हती तेच खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राला बळी पडले, आणि आतले चौघे गेले. आदल्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग अशाच अस्त्राने पाडले होते. त्याच वर्षीच्या १० ऑगस्टला आपल्या मिगने कच्छच्या रणावर पाकिस्तानी आरमाराचे अटलांटिक विमान उबेच्या मागावर जाणाऱ्या क्षेपणास्त्रानेच पाडले. त्यात सोळा माणसे होती. ऊब कोणाची आहे हे संवेदकाला कळत नाही, एवढीच नोंद करून मी पुढे जातो.

ओझरलाच पुढे सुखोई-३० बांधण्यात आले. त्याच्या काचेसमोरचा तो गोळा म्हणजे अवरक्ताने शत्रूचा माग काढणारा डोळा. रडारला पाहण्यासाठी ओरडावे लागते, आणि ओरडणारा सापडतो; हा डोळा मुका राहून पाहतो, हीच त्याची किंमत. नगरला रणगाडादलाचे शिक्षणकेंद्र आहे, त्यामुळे आमच्या भागातली कित्येक मुले फौजेतून निवृत्त होऊन येतात ती रात्रीच्या दुर्बिणींच्या गोष्टी घेऊन. त्यांच्या सांगण्यात दोन भिन्न वस्तूंची गल्लत होते, ती येथे सोडवून ठेवतो. एक दुर्बीण चांदण्याचा थोडका उजेड कित्येक हजार पटींनी वाढवते. तिच्या नळ्या पुण्यात भोसरीला बनतात, आणि पूर्ण काळोखात ती निरुपयोगी आहे. दुसरी वस्तूची स्वतःची ऊब पाहते. तिला उजेडाचे कारणच नाही. या दुसऱ्या जातीचे उत्तम संवेदक पारा, कॅडमियम आणि टेल्यूरियम यांच्या स्फटिकाचे असतात. हा स्फटिक १९५९ साली इंग्लंडातल्या एका लष्करी प्रयोगशाळेने जाहीर केला, आणि हानलेच्या टीरस्पेकमध्ये बसवलेला संवेदकही त्याच स्फटिकाचा आहे. काही पुस्तके हा संबंध झाकतात आणि काही त्याचा डांगोरा पिटतात. मला दोन्ही पसंत नाहीत, म्हणून पुढे आकाशाचे आणि युद्धाचे ही दोन प्रकरणे मी लागून ठेवली आहेत, वाचकाने मध्ये दम घ्यावा असे वाटले तरी घेऊ नये.

शेवटी या पुस्तिकेचे निमित्त. करोनाच्या साथीत कपाळावर रोखण्याची जी ‘बंदूक’ बाजाराच्या तोंडाशी आली तिच्यामुळे अवरक्त हा विषय गावात प्रथम घरोघर पोचला. बंदुकीतून किरण निघून डोक्यात जातात असा समज पसरला, आणि तो खोडताना मला उमगले की उलट आहे, किरण डोक्यातून निघून बंदुकीत जातात, ही गोष्ट आपण आयुष्यभर शिकवूनही कोणाला सांगितलीच नव्हती. साथ ओसरल्यावर मी गॅरेजवाले वापरतात तसली एक बंदूक विकत घेतली, कारण कपाळाची बंदूक माणसाच्या तापाबाहेरचे काही वाचत नाही. माघातल्या एका निरभ्र रात्री ती गच्चीवर नेऊन मुलांना सरळ वर, आभाळात रोखायला सांगितली. आकडा शून्याच्या पुष्कळ खाली उतरला, आणि मुले बंदूक बिघडली म्हणून माझ्याकडे पाहू लागली. तेवढ्यात पश्चिमेकडून एक पातळ ढग डोक्यावर आला आणि आकडा भराभर चढला. ढग सरकला, पुन्हा उतरला. मग त्यांना ती सोडवेना. पत्र्यावर, टाकीवर, एकमेकांच्या नाकावर आणि कानांवर रोखून झाल्यावर एकाने कठड्यावरून वाकून ती खाली गोठ्यातल्या गाईवर धरली. १८८० च्या सुमारास लँग्ले या अमेरिकन शास्त्रज्ञाने विजेच्या तारेचा एक उष्णतामापक केला होता, आणि त्याला पाव मैलावरच्या गाईची ऊब कळे असे सांगतात. आमची गाय वीस हातांवर होती. अंधारात ती कुठे बसली आहे हे वरून कोणालाच दिसत नव्हते, मुलाने बंदूक सावकाश डावीकडून उजवीकडे नेली, आकडे चौदा, चौदा, तेरा असे चालले होते, ते एकदम एकोणतीस झाले, आणि तो दबक्या आवाजात म्हणाला, “इथं हाय.”

कडा, जि. बीड